ब्रशचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता पित्ताची जनुक तपासणी करायची का?

पत्र: माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ६२ वर्षांचे आहेत. यावल तालुक्यात केळीची शेती आहे. दोन महिन्यांपूर्वी डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, पोटात मात्र दुखलं नाही. आधी गावातच काविळीची माळ घातली, त्यात पंधरा दिवस गेले. जळगावात तपासलं तेव्हा बिलिरुबिन १६ निघालं. एमआरसीपीत (पित्तनळ्यांच्या एमआरआयमध्ये) यकृताच्या तोंडाशी, जिथे डावी-उजवी नळी एकत्र येते, तिथे अडथळा दिसला. सीए १९-९ (कॅन्सरच्या संशयात रक्तात मोजतात तो पदार्थ) होता ४१०. तीन आठवड्यांपूर्वी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, पित्तनळीत प्लास्टिकचा स्टेंट टाकला आणि ब्रशने पेशी घेतल्या. रिपोर्ट आला, ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’. काका म्हणतात, निगेटिव्ह आहे ना, मग चिरफाड कशाला, सुरी लागली की पसरतो. डॉक्टर म्हणतात, मुंबईला सर्जनना दाखवा. कुणी सांगितलं की पित्तातून जनुकांची तपासणी होते आणि त्यात पक्कं कळतं. ती करावी का? पित्त किती लागतं, जळगावातून पाठवता येतं का? निकाल येईपर्यंत थांबावं का?
– एक लेक, यावल तालुका

उत्तर:

ताई, काकांपासूनच सुरुवात करू, कारण घरात त्यांचं म्हणणं टिकलं तर पुढच्या कुठल्याच तपासणीला अर्थ राहणार नाही. पित्तनळीच्या आजारात ब्रशचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे कॅन्सर नाही, असं म्हणता येत नाही. ब्रशमध्ये कॅन्सर दिसला तर तो जवळजवळ नक्की असतो. दिसला नाही, तर फारसं काहीच सिद्ध होत नाही. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ब्रशने खऱ्या कॅन्सरपैकी साधारण ४५ टक्केच पकडले जातात असं दिसलं. चिमट्याने घेतलेल्या तुकड्याचंही प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही मिळून ५९ टक्क्यांपर्यंत मजल जाते.

असं होण्याचं कारण गाठीच्या वाढीत आहे. हा कॅन्सर नळीच्या आत फुलासारखा क्वचितच वाढतो. गिलाव्याआड ओल पसरावी तसा तो नळीच्या भिंतीतून, अस्तराच्या खालून सरकत जातो. शिवाय गाठीत कॅन्सरच्या पेशी थोड्या आणि चिवट तंतूंचा भाग जास्त असतो. ब्रश वरचं अस्तर खरवडतो, खालचं तसंच राहतं. त्यात पित्तातले क्षार साबणासारखं काम करतात आणि सुटून आलेल्या पेशी फोडून टाकतात. स्टेंट काही आठवडे आत असेल तर सुजेमुळे चांगल्या पेशीही वेड्यावाकड्या दिसू लागतात. मग पॅथॉलॉजिस्ट हात राखून लिहितो, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून पहिलं काम बिनखर्चाचं: ब्रशच्या रिपोर्टची मूळ प्रत काढून शब्द नीट वाचा. ‘नमुना अपुरा’, ‘निगेटिव्ह’, ‘अ‍ॅटिपिकल’ (पेशी नेहमीसारख्या नाहीत) आणि ‘सस्पिशस’ (कॅन्सरचा संशय) या चार वेगळ्या गोष्टी आहेत. फोनवर किंवा तोंडी सांगताना चारही ‘काही निघालं नाही’ होऊन जातात. नमुना अपुरा असेल तर ती तपासणी झालीच नाही असं धरायचं. काचपट्ट्या जपून ठेवायला सांगा; मुंबईत त्या पुन्हा पाहिल्या जातात.

आता पित्ताच्या तपासणीकडे. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं, आणि नानांच्या बाबतीत ते सगळं त्या अरुंद जागेतून घासून जातं. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांचा डीएनए थेट पित्तात सुटतो. पेशी फुटली तरी डीएनएचे तुकडे काही काळ वाचता येण्याजोगे राहतात. ब्रश जिथे पोचला नाही तिथलाही पुरावा असा हाती लागू शकतो. तोच डीएनए रक्तात शोधायचा तर पाच लिटर रक्तात विरघळलेला असतो. म्हणून कुणी ‘पित्त कशाला, रक्तातूनच लिक्विड बायोप्सी करू’ म्हणालं, तर या जागच्या लहान गाठीसाठी ते कमी उपयोगाचं आहे असं स्पष्ट सांगा.

‘पित्ताची तपासणी’ या एका नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी येतात. आज सगळ्यात कामाची आहे ती जनुकांचा पॅनेल, म्हणजे एनजीएस. त्यात केरास, टीपी५३, स्मॅड४, सीडीकेएन२ए अशा जनुकांतले बदल एकाच वेळी शोधतात. दुसरी फिश: पेशींमध्ये रंगीत खुणा लावून गुणसूत्रांच्या जादा प्रती मोजतात. हिला शाबूत पेशी लागतात, त्यामुळे ती ब्रशवर करतात, नुसत्या पित्ताच्या पाण्यावर होत नाही. ब्रश ‘अ‍ॅटिपिकल’ आला की फिश कौल देऊ शकते. तिसरी मेथिलेशनची. तिच्यात जनुकाचा मजकूर बदललेला नसतो, त्यावर रासायनिक खुणा चढून ते बंद पडलेलं असतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी सीडीओ१, सीएनआरआयपी१, सेप्ट९ आणि व्हीआयएम या चार जनुकांवर चांगलं काम केलंय, पण ते मुख्यतः पीएससी नावाच्या पित्तनळ्यांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी. चौथा गट प्रथिनं आणि मायक्रोआरएनए. हे अजून संशोधनातच आहे. पैसे घेऊन कुणी करून देत असेल तर देऊ नका. पित्तातला सीए १९-९ मोजून घेण्यातही काही हाशील नाही, साध्या खड्यांच्या आजारातही तो भरमसाट असतो.

रक्तातल्या ४१० चंही असंच. सामान्य मर्यादा ३७ ची. पण नळी कुठल्याही कारणाने तुंबली आणि त्यात जंतूंची भर पडली, की हा आकडा हजारांतही जातो. बिलिरुबिन १६ असताना केलेला सीए १९-९ निर्णयाला धरायचा नसतो. स्टेंटने कावीळ उतरल्यावर, ताप नसताना, पुन्हा करा. कावीळ उतरूनही आकडा चढाच राहिला तर संशय वाढतो. उलट बाजूही आहे: शंभरातल्या पाच ते दहा जणांचं शरीर हा पदार्थ बनवूच शकत नाही, त्यांचा आकडा कॅन्सर असतानाही नीचांकी राहतो. नानांचा ४१० आला, म्हणजे ते त्यांतले नाहीत.

पित्ताचा जनुक पॅनेल किती पक्का? अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या गटाने २०२० मध्ये २५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २८ जनुकांचा पॅनेल. नमुने ईआरसीपीत घेतलेले, मुख्यतः ब्रशचे आणि तुकड्यांचे. पॅनेलने ७३ टक्के कॅन्सर पकडले आणि कॅन्सर नसलेल्या कुणालाही चुकून कॅन्सर ठरवलं नाही. त्याच रुग्णांत नेहमीच्या पॅथॉलॉजीने ४८ टक्के पकडले. दोन्ही मिळून ८३.

हे आकडे घरात समजावून सांगायचे तर असं मांडा. समजा नानांसारखंच चित्र असलेले १०० जण आहेत आणि त्यांतल्या ८० जणांना खरोखर कॅन्सर आहे. (न दुखता चढलेली कावीळ, साठी उलटलेली, अडथळा नेमका नळ्यांच्या संगमाशी, हा अंदाज अवाजवी नाही.) नुसता ब्रश ३६ जणांत कॅन्सर दाखवेल, ४४ जणांत चुकेल. म्हणजे ज्या ६४ जणांच्या हातात निगेटिव्ह रिपोर्ट पडेल, त्यांतल्या ४४ जणांना कॅन्सर असेल. काकांना हा आकडा सांगा. आता जनुक पॅनेल: ८० पैकी ५८ पकडले, २२ सुटले. निगेटिव्ह आलेले ४२, त्यांत २२ कॅन्सरचे, निम्म्याहून अधिक. दोन्ही तपासण्या एकत्र केल्या तरी निगेटिव्ह ३४ जणांत १४ कॅन्सरचे राहतात.

तेव्हा ‘पक्कं कळतं’ हे अर्धंच खरं आहे. पॉझिटिव्ह आलं तर बरंच पक्कं. निगेटिव्ह आलं तर नानांचा प्रश्न जिथल्या तिथे.

पॉझिटिव्हमध्येही तारतम्य लागतं. एकटा केरासचा बदल, तोही अगदी थोड्या प्रमाणात, जुनाट सूज किंवा कॅन्सरपूर्व बदल असलेल्या अस्तरातही सापडू शकतो. केराससोबत टीपी५३ किंवा स्मॅड४ आलं तर वजन एकदम वाढतं. एकटं टीपी५३ मात्र वयस्कर माणसात कधीकधी रक्तपेशींतून आलेलं असतं. नमुन्यात रक्त मिसळलं असेल तर ही शंका घ्यावीच लागते. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ चालणार नाही. कुठलं जनुक, कुठला बदल, किती टक्के प्रतींत आणि लॅबची पकडण्याची किमान मर्यादा किती, हे लिहिलेलं हवं.

तर करावी का? आमचं मत असं. नानांचा आजार स्कॅनवर काढता येण्याजोगा दिसत असेल आणि अनुभवी सर्जनला कॅन्सरचा दाट संशय असेल, तर शस्त्रक्रियेसाठी आधी पेशींचा पुरावा लागतोच असं नाही. संगमाजवळच्या अडथळ्यांमध्ये पुराव्याविना शस्त्रक्रिया करणं जगभर मान्य आहे. काढलेल्या भागात कॅन्सर नव्हताच असं ५ ते १५ टक्के वेळा निघतं, आणि ही जोखीम सर्जन तुम्हाला आधीच सांगतील. अशा वेळी पित्ताच्या रिपोर्टसाठी शस्त्रक्रिया खोळंबून ठेवू नये. दोन परिस्थितींत मात्र ही तपासणी खरी मोलाची ठरते. एक, शस्त्रक्रिया शक्य नाही आणि केमोथेरपी द्यायची आहे. पुराव्याशिवाय केमो देत नाहीत, आणि ब्रश वारंवार निगेटिव्ह येतोय. दोन, आजार कॅन्सर नसावा अशी खरीच शंका आहे आणि यकृताचा मोठा भाग कापण्याआधी खात्री हवी आहे.

ती शंका कुठून येते? काही आजार हुबेहूब असंच सोंग घेतात. आयजीजी४ संबंधित पित्तनळीदाह हा त्यांतला मुख्य, कारण तो स्टिरॉइडने दोन-चार आठवड्यांत उतरू लागतो. रक्तात आयजीजी४ ची पातळी पाहायची आणि स्कॅनवर स्वादुपिंड सॉसेजसारखं सुजलेलं आहे का ते रेडिऑलॉजिस्टला मुद्दाम विचारायचं. आयजीजी४ थोडी वाढलेली असणं कॅन्सरच्या काही रुग्णांतही दिसतं, त्यामुळे तेवढ्यावर कुणी स्टिरॉइड सुरू करू देऊ नका. आपल्या भागात क्षयाच्या गाठींनी बाहेरून नळी दाबली जाणंही विसरायचं नाही. नानांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया पूर्वी झाली असेल तर नळीला तेव्हा झालेली इजा पाहावी. आणि पित्ताशय जागेवर असेल तर पित्ताशयाचाच कॅन्सर संगमापर्यंत पसरला नाही ना, हेही. भारतात संगमाशी अडथळा येण्याचं ते एक मोठं कारण आहे, आणि पुढची सगळी उपचारदिशा त्याने बदलते. हे सगळं चांगल्या सीटी स्कॅनवर बरंचसं सुटतं. स्टेंट टाकण्याआधी काढलेल्या सीटी-एमआरसीपीच्या सीडी सांभाळा आणि मुंबईला त्याच घेऊन जा. स्टेंटनंतर नळ्या रिकाम्या होतात, भिंत सुजते, आणि गाठ कुठवर आहे ते नीट दिसत नाही.

एक धोक्याची सूचना. संगमाजवळच्या गाठीत पोटातून सुई घालून तुकडा काढू, असं कुणी सुचवलं तर सर्जननी पाहेपर्यंत नको म्हणा. सुईच्या वाटेने पेशी पोटाच्या आवरणात सांडू शकतात, आणि यकृत प्रत्यारोपणाचा पर्याय पुढे निघाला तर अशी सुई झालेल्या रुग्णाला बहुतेक केंद्रं नाकारतात. काकांच्या ‘सुरी लागली की पसरतो’ या म्हणण्यात तथ्य शोधायचं तर ते एवढ्याच जागी आहे. नीट आखलेल्या शस्त्रक्रियेला ते लागू पडत नाही. उलट या कॅन्सरमधून बरं होण्याची संधी देणारा तोच मुख्य मार्ग आहे.

पित्त कसं काढायचं, हा तुमचा प्रश्न. घरी नाही, साध्या लॅबमध्येही नाही. ते ईआरसीपीच्या वेळीच निघतं, किंवा बाहेरून नळी टाकलेली असेल तर त्या नळीतून. नानांचा प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत बदलावाच लागतो. पित्त मिळण्याची खरी वेळ तीच. नमुन्यासाठी वेगळी ईआरसीपी शक्यतो करू नये, कारण दर ईआरसीपीला स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका ३ ते १० टक्के असतो. (तो कमी करायला डॉक्टर गुदद्वारातून इंडोमेथॅसिन १०० मिलिग्रॅम देतात, विचारून ठेवायला हरकत नाही.) पण त्या एका वेळेची तयारी आठवडाभर आधी करावी लागते. आधी ठरलेलं नसेल तर त्या दिवशी एकच ब्रश फिरवून, स्टेंट बदलून मोकळं होतात आणि पुढचे तीन महिने हात चोळत बसावं लागतं.

डॉक्टरांशी आधी बोलून ठेवायच्या गोष्टी अशा. एक्स-रेत नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते रंगद्रव्य सोडण्यापूर्वी पित्त ओढायचं, कारण रंगद्रव्य पित्त पातळ करतं. वायर अडथळ्याच्या वर गेली की कॅथेटरमधून सिरिंजने ५ ते १० मिलिलिटर. कॅथेटरमध्ये आधीचं सलाईन असेल तर पहिला थोडा भाग टाकून द्यायचा. मग ब्रश: अरुंद जागेतून पुढे-मागे किमान १० वेळा, जमल्यास ३० वेळा. ब्रश बाहेर काढताना तो आवरणनळीतून एकटा ओढायचा नाही, अर्ध्या पेशी आतच पुसल्या जातात. ब्रश आणि आवरणनळी एकत्र बाहेर काढून टोक कापून थेट द्रवाच्या बाटलीत टाकायचं आणि आवरणनळीही त्याच बाटलीत धुऊन घ्यायची. ब्रशनंतर आणखी थोडं पित्त ओढावं. खरवडल्यामुळे त्यात पेशी अधिक असतात, आणि हा नमुना बहुतेक ठिकाणी राहून जातो. चिमट्याने तुकडे पाच-सहा. नळीच्या आत जाणारी बारीक दुर्बीण, कोलँजिओस्कोपी, त्या केंद्रात असेल तर डोळ्यांसमोर जागा पाहून तुकडा घेता येतो आणि पकड बरीच सुधारते.

सगळ्यात जास्त नमुने वाया जातात ते फॉर्मॅलिनमुळे. एंडोस्कोपी रूममध्ये तुकड्यांसाठी फॉर्मॅलिनच्या बाटल्या तयार असतात, आणि सवयीने पित्तही त्यातच जातं. फॉर्मॅलिन डीएनएचे धागे एकमेकांना चिकटवतं आणि तोडतं. तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठीक. पित्त मात्र रिकाम्या निर्जंतुक नळीत किंवा लॅबने पाठवलेल्या जपणुकीच्या द्रवात. ही नळी लॅबकडून आधी मागवून घ्या आणि तिच्यावर पेनने नाही, लेबलवर नाव, तारीख, डावी की उजवी नळी, ब्रशच्या आधी की नंतर, आणि स्टेंट किती दिवस आत होता, हे लिहून घ्या.

जपणुकीचा द्रव नसेल तर वेळेशी स्पर्धा आहे. नमुना लगेच बर्फावर, आणि दोनेक तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पाणी आणि खालचा गाळ वेगळे करायचे: वरच्यात सुटा डीएनए, खालच्यात पेशी. दोन्ही उणे ८० अंशांवर. जळगावात अशी सोय असलेली लॅब हाताशी नसेल तर द्रवाच्या नळीचाच आग्रह धरा. साधा बर्फ घातलेला थर्मोकोलचा डबा भुसावळहून रात्रीच्या गाडीने नेणं हिवाळ्यात कदाचित निभेल. मे महिन्यात, पारा ४४-४५ वर असताना, सकाळपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं. गोठवलेला नमुना जाणार असेल तर ड्राय आइस हवा. ईआरसीपी सोमवार ते बुधवार या दिवसांत घ्या. शुक्रवारी काढलेलं पित्त रविवारी कुरिअरच्या गोदामात पडून राहतं.

बाहेरून नळी आणि पिशवी लावलेली असेल तर पिशवीतलं पित्त देऊ नका. रात्रभर अंगाच्या उबेत पडलेल्या पित्तात जंतू वाढतात आणि डीएनए झिजतो. आधीचं पित्त वाहून जाऊ देऊन नळीच्या तोंडातून ताजं घ्यायला सांगा. पू मिसळलेलं, तापात घेतलेलं किंवा लालभडक पित्तही टाळावं.

एवढं करूनही लॅब कधी ‘डीएनए अपुरा’ किंवा ‘तपासणी अयशस्वी’ असं कळवते. पित्तातले क्षार आणि बिलिरुबिन डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणतात, ते धुऊन काढण्याची पद्धत लॅबला बसवावी लागते. म्हणून पैसे भरण्याआधी लॅबला थेट विचारा: तुम्ही पित्तावर ही तपासणी पडताळून पाहिली आहे का, की रक्त आणि मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यांवरच? पॅनेलमध्ये टीपी५३, केरास, स्मॅड४, सीडीकेएन२ए ही चारही आहेत का? नमुना फसला तर शुल्क परत की पुन्हा तपासणी? निकाल किती दिवसांत? अशा पॅनेलला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. पहिल्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर ती लॅब सोडा. शस्त्रक्रिया आणि केमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कितपत बसतात ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या. जनुक पॅनेलचा खर्च बहुधा खिशातूनच जाईल असं धरून चला.

पॅनेल पॉझिटिव्ह आला आणि शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर तोच रिपोर्ट उपचारालाही कामी येतो. हर२, बीआरएएफ, आयडीएच१, एफजीएफआर२ आणि एमएसआय या जनुकीय खुणांतलं काही सापडलं तर त्यावर नेमकी औषधं आहेत. संगमाजवळच्या गाठीत आयडीएच१ आणि एफजीएफआर२ क्वचितच मिळतात, ते यकृताच्या आतल्या नळ्यांच्या कॅन्सरचे. हर२ मात्र मुद्दाम पाहून घ्यावा. काही नाही सापडलं तरी जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन ही जोडी २०१० पासून पायाभूत उपचार आहे. अलीकडे तिला इम्युनोथेरपीची जोड देतात.

थांबावं का? नाही. मुंबईची वेळ आत्ताच घ्या. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये किंवा यकृत आणि पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या दुसऱ्या केंद्रात, जिथे सर्जन, एंडोस्कोपिस्ट, रेडिऑलॉजिस्ट आणि ऑन्कोलॉजिस्ट एकत्र बसून ठरवतात. या शस्त्रक्रियेच्या आधी तसाही वेळ जातो. बिलिरुबिन २-३ च्या खाली यावं लागतं. उरणारं यकृत मूळच्या ३० ते ४० टक्के तरी हवं. कमी भरलं तर एका बाजूची शिर बंद करून दुसरी बाजू वाढवतात, त्यात काही आठवडे लागतात. पित्ताचा नमुना द्यायचाच असेल तर त्याचा निकाल याच काळात येऊ दे. स्टेंट बदलण्याची तारीख आणि नमुन्याचं काम कुठे करायचं, जळगावात की मुंबईत, हेही तिथेच विचारा. मुंबईच्या टीमला कोणत्या बाजूच्या नळीत स्टेंट हवा हे आधी ठरवायचं असतं, आणि चुकीच्या बाजूला टाकलेला स्टेंट नंतर अडचण करतो.

तोवर नानांची काळजी. पित्त आतड्यात नीट पोचत नव्हतं तेव्हा जीवनसत्त्व के शोषलं गेलेलं नसतं, रक्त पातळ राहतं. आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं याची तपासणी) करून गरज पडली तर जीवनसत्त्व के चं इंजेक्शन घ्यावं लागेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ईआरसीपीच्या आधीच सांगा. नुसत्या उसाच्या रसावर आणि उकडलेल्या भाज्यांवर ठेवू नका. वजन आणि ताकद शस्त्रक्रियेसाठी हवी आहे: डाळी, दूध, अंडी चालत असतील तर अंडी, तेल बेताचं. तेलात डुंबणारी शेवभाजी तेवढी काही दिवस बाजूला. माळ काढा, नाकात किंवा डोळ्यांत थेंब घालणारी औषधं, झाडपाल्याचे काढे बंद. ती अडथळ्याच्या काविळीला लागू पडत नाहीत, आणि काहींनी यकृताला आणखी इजा होते.

थंडी वाजून ताप, लघवी पुन्हा गडद, किंवा खाज पुन्हा वाढली, तर स्टेंट तुंबला असं समजा. मुंबईची तारीख कधीची आहे ते न बघता त्याच दिवशी जळगावातल्या, स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. तुंबलेल्या नळीतला जंतुसंसर्ग एका रात्रीत रक्तात उतरतो. तेव्हा आधी अँटिबायोटिक आणि पित्ताला वाट करून देणं, नमुना वगैरे सगळं त्यानंतर.